जुन्या पिकअपचा क्लच घसरतो तेव्हा: गिअरबॉक्स उतरवण्याआधीची तपासणी

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की पिकअपला उसंत नसते. आधी द्राक्षांचे क्रेट, मग बेदाण्याची खोकी, त्याच सुमारास सांगलीच्या मार्केट यार्डाकडे निघालेली हळदीची पोती, असा भार गाडीवर सतत चढत राहतो आणि नेमक्या याच दिवसांत ‘गाडी ओढत नाही, क्लच गेला वाटतं’ हे वाक्य गॅरेजागॅरेजांतून ऐकू येते. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते: गिअरबॉक्स उतरवा आणि क्लच सेट बदला. पुष्कळदा ते उत्तर बरोबरही असते. परंतु क्लच प्लेट जळणे हा बहुतेक वेळा परिणाम असतो, कारण दुसरीकडे कुठेतरी बसलेले असते. ते न शोधता बसवलेला नवा सेट काही महिन्यांत जुन्या सेटच्याच वाटेने जातो. माझ्या २०१० सालच्या पिकअपमध्ये एका वर्षात दोन सेट बदलले गेले आणि शेवटी दोष सापडला तो पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरमधील एका बारीक छिद्रापाशी. त्यामुळे पुढची सगळी तपासणी मी बाहेरून आत अशा क्रमाने मांडली आहे. ज्यासाठी पान्हासुद्धा लागत नाही ते आधी आणि गिअरबॉक्स उतरवणे सर्वांत शेवटी.

हे विवेचन हाताने गिअर बदलायच्या आणि एकच कोरडी क्लच प्लेट असलेल्या गाड्यांविषयी आहे. आपल्याकडच्या जुन्या बोलेरो पिकअप आणि टाटा २०७ याच प्रकारात मोडतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे घसरणे हा वेगळाच विषय असून तिथली तपासणी गिअरबॉक्समधील ऑइलची पातळी, रंग आणि वास यांपासून सुरू होते.

घसरणे म्हणजे नेमके काय

इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते आणि हा दाब प्रेशर प्लेटमधील डायाफ्राम स्प्रिंग देते. पेडल सोडलेले असताना हे तिन्ही भाग एकजीव होऊन फिरायला हवेत. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या पाकळ्यांवर रेटले जाते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पेडलवर पाय नसतानाही इंजिनाच्या ताकदीपुढे ही पकड अपुरी पडू लागली की क्लच घसरतो. पकड अपुरी पडण्याची कारणे मोजकीच आहेत: प्लेटचे लायनिंग (घासून पकड देणारा थर) झिजलेले किंवा काचेसारखे गुळगुळीत झालेले असते, त्यावर तेल किंवा ग्रीस आलेले असते, स्प्रिंग दमलेली असते, फ्लायव्हील खराब झालेले असते, किंवा सर्व भाग चांगले असूनही कोणीतरी अथवा काहीतरी पेडल थोडेसे दाबून धरत असते. या शेवटच्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून पुढे त्यावर अधिक लिहिले आहे.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. क्लच न सुटणे आणि क्लच घसरणे हे एकमेकांच्या उलट दोष आहेत. गिअर पडताना खरखर होणे, रिव्हर्स अडणे, पेडल तळाशी नेल्यावरही गाडी पुढे सरकणे ही क्लच न सुटण्याची लक्षणे आहेत. पेडलचा दाब ऑइलमार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरली तर क्लच सुटत नाही; त्या हवेमुळे तो घसरत नाही. म्हणून घसरण्याची तक्रार घेऊन गेल्यावर कोणी पहिल्याच झटक्याला ‘लाइनची हवा काढू’ असे म्हणाला, तर रोगाचे नावच चुकले आहे असे समजावे.

पहिली पायरी: क्लच खरोखर घसरतो आहे का, हे मोजणे

गाडी ओढत नाही, या तक्रारीमागे क्लचखेरीज अनेक दोष असू शकतात. डिझेल फिल्टर किंवा एअर फिल्टर चोंदलेला असेल, टर्बोचा रबरी पाइप फाटलेला असेल, किंवा मागच्या ड्रममध्ये ब्रेक अडकून राहत असेल, तरी गाडी तशीच जड वाटते. फरक ओळखण्याची खूण एकच आहे. ताकद इंजिनालाच कमी पडत असेल, तर वेगाबरोबर इंजिनाच्या फेऱ्याही खाली येतात आणि इंजिन दबल्यासारखा आवाज करते. क्लच घसरत असेल, तर अॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, फेऱ्या वाढतात, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही.

ही खूण नुसत्या कानावर न सोडता आकड्यात पकडता येते. क्लच घट्ट असेल तोवर ठरावीक गिअरमध्ये ठरावीक वेगाला इंजिनाच्या फेऱ्या ठरलेल्याच असतात. रस्ता सपाट असो वा चढाचा, गाडी रिकामी असो वा भरलेली, त्यात फरक पडत नाही. समजा, टायरचा घेर २.१५ मीटर आहे, डिफरन्शियलचे प्रमाण ४.१ आहे आणि चौथा गिअर थेट म्हणजे १ या प्रमाणाचा आहे. ताशी ४० किमी म्हणजे मिनिटाला सुमारे ६६७ मीटर. म्हणजे चाकाच्या मिनिटाला साधारण ३१० फेऱ्या आणि इंजिनाच्या ३१० गुणिले ४.१, म्हणजे सुमारे १,२७०. आपल्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित मांडण्याचीही गरज नाही. सकाळी गाडी थंड आणि रिकामी असताना, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० किमीला आरपीएम मीटर किती दाखवतो, ते वहीत लिहून ठेवावे. नंतर गाडी भरून आणि पुरेशी तापल्यावर, चढावर त्याच गिअरमध्ये त्याच वेगाला अॅक्सिलरेटर दाबून तोच आकडा पाहावा. सकाळी १,२७० आणि चढावर १,५५० दिसले, तर मधल्या २८० फेऱ्या क्लचमध्ये उष्णता होऊन जात आहेत. आकडे सारखेच आले, तर क्लचला हात लावू नये आणि फिल्टर, टर्बो पाइप व ब्रेक यांकडे वळावे.

बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये आरपीएम मीटर नसतो आणि असला तरी चालत नाही. स्पीडोमीटरचा काटाही अनेकदा अडकलेलाच असतो. अशा वेळी वेगासाठी मोबाइलमधील जीपीएस वापरावा, शेजारी बसलेल्याने दुसऱ्या मोबाइलवर इंजिनाचा आवाज दोन्ही वेळा ध्वनिमुद्रित करावा आणि मग दोन्ही आवाज लागोपाठ ऐकावेत. वेग सारखा असताना दुसऱ्या वेळी सूर चढलेला असेल, तर उत्तर मिळाले. ड्रायव्हरने स्वतः मोबाइलकडे पाहत गाडी चालवू नये, हे वेगळे सांगायला नको.

चाचणीसाठी वरचा गिअर आणि कमी फेऱ्या निवडण्यामागे कारण आहे. या वर्गातील टर्बो डिझेल इंजिनाचा ओढा (टॉर्क) साधारण १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान सर्वाधिक असतो. खालच्या गिअरमध्ये गाडी चटकन वेग घेते आणि क्लचवरील ताण टिकत नाही. वरच्या गिअरमध्ये मात्र तो पूर्ण ओढा बराच वेळ क्लचवर राहतो. म्हणूनच घसरणे आधी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दिसते आणि दोष वाढत गेला की खालच्या गिअरपर्यंत उतरते. पहिल्या गिअरमध्येही घसरू लागलेली गाडी गॅरेजपर्यंत पोहोचेल याची खात्री धरू नये.

चढ कोणता घ्यावा? सांगली शहराभोवती कृष्णाकाठचा सपाट प्रदेश असल्यामुळे क्लच अर्धा गेला तरी इथे कळत नाही आणि मग तो दगा देतो तो पुण्याहून परतीचा माल घेऊन येताना खंबाटकी घाटात. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा मिळतो, पण जुन्या रस्त्याने येताना घाट चढावाच लागतो. तिथपर्यंत वाट पाहू नये. मिरजेच्या पुढे दंडोबाच्या बाजूला चढ सापडतात. वाईकरांना पसरणी घाट आणि सातारकरांना यवतेश्वरचा चढ हाताशीच आहे. मागे गाड्या नाहीत असे पाहून एक-दोनदाच चाचणी घ्यावी, कारण प्रत्येक चाचणीत उरलेसुरले लायनिंगही तापते.

गाडी उभी करूनही एक चाचणी घेतली जाते. मोकळ्या सपाट जागी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत, हँडब्रेक पूर्ण ओढावा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा, इंजिन थोडे चढवून क्लच सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड आहे. फिरतच राहिले तर क्लच गेला. गाडीपुढे माणूस नसावा आणि भिंतही नसावी, कारण हँडब्रेक ढिला असेल तर गाडी पुढे उसळी घेते. माझ्या मते या चाचणीवर फार भिस्त ठेवू नये. ती पूर्ण गेलेला क्लच पकडते. थंड असताना धरणारा आणि तापल्यावर सुटणारा क्लच तिच्यातून सहज निसटतो.

आणखी दोन-तीन फसव्या गोष्टी आहेत. चिखलात चाक जागच्या जागी फिरले, तर इंजिनाबरोबर स्पीडोमीटरचा काटाही चढतो. क्लच घसरताना काटा चढत नाही. गिअर निसटला तर लिव्हर न्यूट्रलला आलेला दिसतो. आणि फेऱ्या वाढूनही गाडी जागची अजिबात हलत नसेल व खालून कटकट असा आवाज येत असेल, तर एक्सल शाफ्ट तुटला असण्याची किंवा प्लेटच्या हबचे दाते गेले असण्याची शक्यता असते. जळका वास आला तर खाली उतरून चारही चाकांजवळ हाताची पालथी बाजू न टेकवता न्यावी. एकच चाक भाजत असेल तर तो वास अडकलेल्या ब्रेकचा आहे. चाके साधारण सारखीच गरम असून वास गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाकडून येत असेल, तर तो क्लचचा.

दुसरी पायरी: पेडल कोणी दाबून धरले आहे का

घसरणे सिद्ध झाल्यावरही गाडी लगेच रॅम्पवर चढवू नये. आधी पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीला थोडे अंतर ते अगदी हलके खाली जायला हवे. याला फ्री प्ले म्हणतात. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाड्यांत हे अंतर साधारण ५ ते १५ मिमी असते, केबलच्या क्लचमध्ये अधिक असते, आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे धरावा. अंतर मुळीच नसेल, तर रिलीज बेअरिंग सतत पाकळ्यांवर रेलून बसलेले असण्याची दाट शक्यता आहे.

केबलच्या गाडीत हे घडण्याचे कारण सरळ आहे. लायनिंग झिजते तशा डायाफ्रामच्या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेने मागे येतात आणि फ्री प्ले कमी कमी होत जातो. तो वेळोवेळी जुळवून घेतला नाही, तर चांगली प्लेटही घसरू लागते. केबलचा नट दोन-चार फेरे सैल करून दोष गेला, तर तो दिवस नशिबाचा समजावा. केबल आतून गंजून परत येत नसेल, तर मात्र ती बदलावी.

हायड्रॉलिक लाइनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि माझे दोन सेट तिच्यातच गेले. पेडल पूर्ण वर असताना मास्टर सिलिंडरमधील पिस्टन मागे सरकतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीकडे जाणारे एक बारीक छिद्र उघडे पडते. लाइनमधील ऑइल तापून फुगले, किंवा झिजलेल्या प्लेटमुळे पाकळ्यांनी गिअरबॉक्सकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा पिस्टन मागे ढकलला, तर जास्तीचे ऑइल याच छिद्रातून डबीत परत जाते. पिस्टन पूर्ण मागे येत नसेल, तर छिद्र झाकलेलेच राहते. मग सायलेन्सरच्या आणि गिअरबॉक्सच्या उष्णतेने फुगलेल्या ऑइलला वाट मिळत नाही, ते स्लेव्हच्या पिस्टनला रेटते, रिलीज बेअरिंगला रेटणारा फोर्क किंचित हलतो आणि ड्रायव्हरचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडासा दाबलेला राहतो. अशा गाडीचे लक्षण ठळक असते: सकाळी ती ठणठणीत चालते, वीस-पंचवीस किलोमीटरनंतर घसरू लागते आणि तासभर थांबवली की पुन्हा नीट होते.

छिद्र झाकले जाण्याची कारणेही अनेक असतात. पेडलची स्प्रिंग तुटलेली असते, पेडलचे बुश सुकून अडकलेले असते, चुकीचे तेल पडल्यामुळे सिलिंडरचे रबर फुगलेले असते. माझ्या बाबतीत कारण निराळेच निघाले. त्याआधी काही महिने गिअर पडायला जड जात होते आणि एका गॅरेजमध्ये त्यावर उपाय म्हणून पेडल आणि मास्टर सिलिंडर यांना जोडणारा रॉड लांब करून दिला होता. गिअर सुरेख पडू लागले, मीही खूश झालो. परंतु रॉड आणि पिस्टन यांमधली जी बारीकशी फट राहायला हवी, ती नाहीशी झाली. पहिला सेट जळाला तेव्हा कोणी रॉडकडे पाहिले नाही. दुसरा सेट जळाला तेव्हा सांगलीतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी गरम असतानाच स्लेव्ह सिलिंडरचे हवा काढायचे निपल सोडले, ऑइलची पिचकारी उडाली आणि ते म्हणाले, “आवो, तुमची गाडीच सोता क्लच दाबून चाललीया.”

ही चाचणी घरीही करता येते, मात्र जपून करावी. गाडी घसरू लागल्यावर ती सुरक्षित सपाट जागी उभी करून बंद करावी आणि चाकांना दगड लावावेत. डोळ्यांवर चष्मा असावा. सायलेन्सर गरम असतो याचे भान ठेवावे. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे आणि निपल अर्धा फेरा उघडावे. पेडलला कोणी हात लावलेला नसताना ऑइल जोराने बाहेर आले, तर लाइनमध्ये दाब अडकलेला होता. निपल पुन्हा घट्ट करून गाडी चालवून पाहावी. घसरणे त्या क्षणी गेलेले असेल, तर निदान पक्के झाले. दाब कुठे अडकतो हे शोधण्यासाठी पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टर सिलिंडरच्या तोंडाचा पाइप किंचित सैल करावा. तिथे दाब सुटून क्लच ठीक झाला तर दोष मास्टरमध्ये किंवा रॉडमध्ये आहे. तिथे सोडूनही फरक पडला नाही आणि निपल सोडल्यावरच पडला, तर मधला रबरी होज आतून फुगलेला आहे. बाहेरून तो नवा दिसत असला तरी आतील रबर सुटून झडपेसारखे काम करते, ऑइलला पुढे जाऊ देते पण मागे येऊ देत नाही. जोड सैल केल्यामुळे लाइनमध्ये हवा शिरलेली असते, म्हणून शेवटी ती काढून घ्यावी. ब्रेक ऑइल रंग उडवते; सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

डबीत इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे तेल कोणी चुकून ओतले असेल, तर डबीच्या झाकणाचे रबर फुगून वेडेवाकडे झालेले दिसते. तसे दिसले तर केवळ ऑइल बदलून भागत नाही. मास्टर, स्लेव्ह आणि होज या तिन्हींतील रबर गेले असे धरून चालावे.

तिसरी पायरी: बेल हाउसिंगखाली पाहणे

बेल हाउसिंग म्हणजे क्लचभोवतीचे कवच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर, त्याच्या खालच्या बाजूला, एक छोटे छिद्र किंवा पत्र्याचे झाकण असते. गाडी जॅकवर घेतली असेल तर खाली स्टँड लावल्याशिवाय शिरू नये. त्या छिद्राशी ओल असेल तर बोटाने घेऊन पाहावी. काळे, पातळ तेल असेल तर ते इंजिनाचे असून क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलवर संशय घ्यावा. घट्टसर आणि गंधकासारखा उग्र वास असलेले तेल गिअरबॉक्सचे असते आणि ते पुढच्या शाफ्टच्या सीलमधून येते. पाण्यासारखे पातळ आणि आसपासचा रंग पोपडे धरून सुटलेला दिसला, तर स्लेव्ह सिलिंडर गळतो आहे.

इथे घाई नको. टॅपेट कव्हरमधून किंवा टर्बोच्या ऑइल पाइपमधून गळलेले तेल इंजिनाच्या मागच्या बाजूने ओघळून नेमके याच छिद्रापाशी येते आणि क्रँकच्या सीलवर नाहक आळ येतो. सगळा भाग धुऊन, पुसून कोरडा करावा, पन्नास किलोमीटर गाडी चालवावी आणि मग ओल वरून खाली उतरली आहे की आतून आली आहे ते पाहावे. सील खरोखर गळत असेल, तरी ते का गळले हे विचारावे. इंजिनाचा ब्रीदर पाइप, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी नळी, चोंदला की आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर पडते. गिअरबॉक्सच्या ब्रीदरचे तोंड शेतातल्या चिखलाने बुजले किंवा त्यात तेल जास्त भरले, तरी तेच होते. ब्रीदर साफ न करता टाकलेले नवे सील फार दिवस टिकत नाही.

तेल पडलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, वाळवून पुन्हा बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मुक्कामाला पोहोचण्यापुरती ती चालेल. लायनिंगमध्ये मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते, म्हणून कायमचा उपाय म्हणून मी तिचा विचारही करणार नाही.

२०१९ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्यासाठी एक वेगळी नोंद. बेल हाउसिंगमध्ये गाळाचे पाणी राहिले की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. ती बळेच सोडवून गाडी चालू केली, तरी गंजाचे खरवडे लायनिंग खातात आणि फोर्क व बेअरिंगची नळी अडकू लागते. पुरातून निघालेली गाडी घेताना किंवा वापरताना ही शक्यता डोक्यात ठेवावी.

ओझे आणि सवयी

जास्त ओझ्यामुळे क्लच घसरतो, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पेडल पूर्ण सोडलेले असताना क्लचवर जास्तीत जास्त इंजिनाचाच ओढा येतो, मग मागे एक टन असो वा दोन. ओझे मारते ते गाडी उठवताना, कारण त्या वेळी प्लेट मुद्दाम घसरवावी लागते आणि वजन जितके जास्त तितकी ती अधिक वेळ घासते. दुसऱ्या गिअरवर गाडी उठवण्याची सवय याहून घातक आहे. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.८ आणि दुसऱ्याचे २.२ धरले, तर त्याच फेऱ्यांना क्लच पूर्ण धरेपर्यंत प्लेटमध्ये होणारी उष्णता दुसऱ्या गिअरवर जवळजवळ तिप्पट होते. बागेतल्या मऊ मातीतून भरलेली गाडी बाहेर काढताना, किंवा यार्डाच्या रांगेत चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरताना, शेकडो किलोमीटरची झीज काही मिनिटांत होऊन जाते. गाडी कोण चालवतो, पेडलवर पाय टेकवून चालवतो का, हे एकदा शेजारी बसून पाहावे. दोष नाव घेऊन सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

गिअरबॉक्स उतरवल्यावर काय वाचायचे

बाहेरचे सगळे नीट निघाले आणि तरीही आकडे घसरणे दाखवत असतील, तर आता गिअरबॉक्स उतरवावा. त्या वेळी मालकाने स्वतः उभे राहावे आणि जुने भाग फेकू देऊ नयेत, कारण दोषाचा इतिहास त्यांच्यावर लिहिलेला असतो. आत साचलेली काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ श्वासात जाणे घातक असते. ओल्या फडक्याने पुसावे.

लायनिंग समान झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल, तर प्लेटचे आयुष्य संपले, एवढाच अर्थ आहे. रिव्हेटचे डोके लायनिंगच्या पृष्ठभागापासून किमान ०.३ मिमी खोल असावे, अशी मर्यादा अनेक पुस्तिकांत दिलेली असते. लायनिंग जाड आहे पण चकचकीत काळे झाले आहे, तर ती प्लेट झिजलेली नसून भाजलेली आहे. म्हणजे कोणीतरी पेडल दाबून धरत होते आणि दुसऱ्या पायरीतले काहीतरी नजरेतून सुटले आहे. तेलाचे डाग मध्यापासून बाहेर फाकलेले असतील तर तेल शाफ्टच्या बाजूने आले. माझ्या पहिल्या सेटची प्लेट जाड आणि चकचकीत होती. त्या दिवशी तिच्याकडे पाहायला मी जागेवर नव्हतो, चहाला गेलो होतो.

प्रेशर प्लेटचा पृष्ठभाग निळसर पडला असेल, पाकळ्यांच्या टोकांना खोल चर गेले असतील, किंवा पाकळ्या एका उंचीत नसतील, तर ती बदलावी. फ्लायव्हीलवर निळे ठिपके आणि केसासारख्या बारीक भेगा दिसतात. वरवरच्या असतील तर लेथवर फेसिंग करून जातात, खोल असतील तर फ्लायव्हील बदलावे. फ्लायव्हीलला पायरी असेल, तर लेथवाल्याला दोन्ही पातळ्या सारख्याच कापायला सांगावे. एकच कापली तर स्प्रिंगचा दाब बदलतो आणि नवा सेटही पहिल्या दिवसापासून घसरतो. काही नव्या गाड्यांत दोन भागांचे फ्लायव्हील असते. ते नेहमीप्रमाणे लेथवर चढवू नये.

बसवताना तीन गोष्टींवर नजर ठेवावी. प्लेटच्या हबची बाजू उलटी होऊ नये. बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते. शाफ्टच्या दात्यांना उष्णता सोसणारे ग्रीस नखभरच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून थेट लायनिंगवर जाते. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नये. प्लेट वाकली की गिअर जड जातात, मग कोणीतरी रॉड लांब करून देतो आणि माझ्या गाडीची गोष्ट पुन्हा सुरू होते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि गळणारे सील याच वेळी नवे घालावे. यांच्या किमतीपेक्षा गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी अधिक पडते.

गाडी खाली आल्यावर रॉडची फट आणि पेडलचा फ्री प्ले मोजून वहीत लिहावा. पहिले सुमारे ५०० किमी भार कमी ठेवावा, चढावर अॅक्सिलरेटर तळाशी नेऊ नये आणि हाफ क्लच टाळावा, म्हणजे नवे लायनिंग पूर्ण पृष्ठभागावर बसते. त्यानंतर पहिल्या पायरीतला तोच रस्ता, तोच चढ, तोच गिअर आणि तोच ताशी ४० किमीचा वेग घेऊन दोन्ही आकडे पुन्हा घ्यावेत, आणि गाडी गरम असतानाच पेडलचा फ्री प्ले आणखी एकदा मोजावा. तो थंड असतानाच्या मापापेक्षा कमी झालेला आढळला, तर गाडी पुन्हा भरण्याआधी मास्टर सिलिंडर उघडावा.